आत राहिलेलं नाव

धक्का तसा लहानच होता. टेबलावरच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतलं पाणी एकदा इकडे कललं, एकदा तिकडे, आणि काही झालंच नाही असा चेहरा करून पुन्हा सरळ झालं. हर्षदा मात्र सरळ झाली नाही. ती केव्हा उठली, केव्हा जिना उतरली आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानासमोर अनवाणी कशी उभी राहिली, हे तिचं तिलाच कळलं नाही. डहाणूत अशा वेळी फारसा आरडाओरडा होत नाही. शेजारच्या फुग्यांच्या कारखान्यातल्या बायका रंगाने माखलेले हात तसेच घेऊन खाली आल्या, कोणी "तीनचा असेल" म्हणालं, कोणी "छट, अडीच" म्हणालं, आणि भाजीचा भाव ठरावा तसा तो आकडा ठरल्यावर मंडळी आपापल्या कामाला गेली. सगळ्यांना सवय झाली होती. हर्षदाला नव्हती झाली. ज्या हिवाळ्यात हे पहिल्यांदा सुरू झालं त्या हिवाळ्यात तलासरीकडची माणसं थंडीत अंगणात प्लास्टिक बांधून झोपली होती, आणि इथे डहाणूत, फ्लॅटमध्ये, लोक दाराची कडी न लावता झोपायला शिकले होते. मग बरीच वर्षं जमीन गप्प बसली. या दिवाळीनंतर तिची पुन्हा कुरकुर सुरू झाली होती. तेव्हापासून हर्षदा टेबलावर अर्धी भरलेली बाटली ठेवी. हलतंय ते जग की आपण, हे विचारायला कोणीतरी जवळ हवं.

कॉम्प्युटरवाल्या माणसाला देव नसतो म्हणतात. हर्षदाला होता, पण तो बहुधा बंद करून पुन्हा चालू करण्याच्या बटणात राहत असावा. वर आल्यावर तिने सवयीने सगळी यंत्रं तपासायला घेतली. ही एक रक्ततपासणी करणारी छोटी संस्था. मुख्य कचेरी डहाणूला, आणि आडबाजूच्या गावांत दोन-चार केंद्रं. तिथे रक्त घ्यायचं, तिथल्याच यंत्रात घालायचं, आणि निघालेले अहवाल वाचायचे मात्र डहाणूत, पांड्या डॉक्टरांनी, यंत्राने लाल खूण केलेले तेवढे. मधला प्रवास हर्षदाने लावून दिला होता. दिवेलागणीला केंद्रातला कॉम्प्युटर आपला आपण जागा होई, अहवाल उचली, डहाणूच्या सामायिक फोल्डरमध्ये आणून ठेवी, पहाटेपर्यंत मधूनमधून उठून तेच करी, आणि पहिल्या फेरीनंतर तिच्या मोबाइलवर निरोप धाडी: काम पूर्ण झाले. हा निरोप म्हणजे तिच्या संध्याकाळचा भाग होता. तो आला की ती भाजीला फोडणी घाली. कालही आला होता, परवाही. तिने कासाचं फोल्डर उघडलं, भरलेलं. दुसरं उघडलं, भरलेलं. उधव्याचं उघडलं आणि तिला वाटलं, पुन्हा धक्का आला. तिने बाटलीकडे पाहिलं. पाणी शांत होतं. उधव्याच्या फोल्डरमध्ये दिवाळीनंतरच्या पहिल्या धक्क्यापर्यंतचे अहवाल होते, आणि त्यानंतर काहीही नव्हतं.

तिने ते बंद करून पुन्हा उघडलं. रिकामं ते रिकामंच. मोबाइलवर निरोपांची रांग होती, एकाखाली एक, सगळे सारखे, सगळे गुणी मुलांसारखे: काम पूर्ण झाले, काम पूर्ण झाले. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच. म्हणजे रोज संध्याकाळी उधव्यात काहीतरी उठत होतं, हात हलवत होतं, रिकाम्या हातांनी परत जाऊन झोपत होतं, आणि झोपण्याआधी तिला खोटं सांगत होतं. उधव्याचे लोक अहवाल न्यायला परत येत नसत. कोण मजुरी बुडवून येणार? त्यासाठी एक नियम केला होता, सोपा, कोणालाही लक्षात राहील असा. काही वावगं निघालं तर डॉक्टर फोन करतील. फोन आला नाही तर समजायचं, सगळं बरं आहे. हा नियम ज्याने कोणी केला असेल तो असेल, पण तो लोकांना तोंडाने सांगत हर्षदा फिरली होती.

"हर्षदाबेन, लागला ने धक्का?" दारातून पांड्या डॉक्टर म्हणाले. साठीचे, चष्मा कपाळावर ढकललेले, हातात चहाचा कप. "बधं, सगळं बरोबर? मशीन वगैरे?"

"हो. म्हणजे... उधव्याची लाइन जरा बघून येते."

"आत्ताच? धक्का खाऊन?" ते हसले. "उधव्याचं हल्ली चांगलं चाललंय. लाल काहीच नाय येत तिकडून."

तिने मोबाइल हातात घेतला. बोलायला हवं होतं. त्या चांगलं चाललंयचा अर्थ काय, हे तिला त्या खोलीत एकटीलाच माहीत होतं, आणि ते तोंडातून काढलं तर ते खरं होईल अशी काहीतरी वेडी भीती तिला वाटली. तिने सुकीला फोन लावला. सुकी उधव्याचं केंद्र सांभाळायची. रक्त घेणं, यंत्रात घालणं, झाडणं, कुलूप, सगळं तीच. उधवा गुजरातच्या इतकं कडेला की फोनला वाटेल तेव्हा पलीकडचा टॉवर पकडतो, आणि मग एक अनोळखी बाई गुजरातीत दिलगिरी व्यक्त करते. त्या बाईने तीनदा दिलगिरी व्यक्त केली. हर्षदाने चपला घातल्या, बाटली पिशवीत टाकली आणि तलासरीची बस धरली.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला दक्षा आठवली. आठवली कसली, ती मघापासून दाराशी येऊन उभीच होती, फक्त हर्षदा तिच्याकडे बघत नव्हती. दिवाळीनंतरचा पहिला धक्का बसल्यावर हर्षदा उधव्याला यंत्र पुसायला गेली होती, त्या दिवशी बाकावर ती बसलेली. वेवजीची, विशीतली, पोट बरंच पुढे आलेलं, ओठ मात्र पिठात बुडवल्यासारखे पांढरट. नवरा उंबरगावच्या कंपनीत, पाळीवर. सुकीने तिच्या दंडाला रबर बांधलं तेव्हा तिने हर्षदाचा हात धरला होता, कारण तोच जवळ होता. पंजा गार होता. नंतर कापूस दाबून धरत तिने विचारलं होतं, "ताई, कवा समजंल?" आणि हर्षदाने, घाईत, डोळे पडद्यावर ठेवून, नियम सांगितला होता. फोन नाही आला तर खुशाल समज की सगळं बरं. खुशाल हा शब्द तिचा स्वतःचा. नियमात तो नव्हता. बस चारोटीच्या बाजूने हमरस्त्याला लागली, कंटेनरच्या मागे कंटेनर अहमदाबादकडे धावत होते, प्रत्येक कंटेनर शेजारून गेला की खिडकीची काच थरथरायची, आणि प्रत्येक वेळी हर्षदा पिशवीतली बाटली काढून बघायची. शेजारच्या बाईला वाटलं हिला तहान लागली आहे पण झाकण उघडत नाही. "द्या, मी उघडून देते," ती म्हणाली. हर्षदाने मान हलवली आणि ती खरंच पाणी प्याली, आणि मग आपण थोडं जास्त प्यालो की काय याचीही तिला भीती वाटली.

तिच्या वडिलांची बोर्डीच्या वाटेला चिकूची वाडी होती. रामनाथ सावे म्हणजे तसा मऊ माणूस, पण मोटरीच्या बाबतीत संशयी. मोटरीला त्यांनी घड्याळ बसवून घेतलं होतं. ती आपली आपण सुरू होई, आपली आपण बंद. ओटीवर बसून तिचा घरघर आवाज ऐकू येई. शेजारचे म्हणत, रामनाथभाऊ, आता आराम करा. पण ते उठायचे, टॉर्च घेऊन वाडीच्या पार टोकाला, शेवटच्या झाडापर्यंत जायचे आणि आळ्यात हात घालून बघायचे. लहानपणी हर्षदा त्यांच्यामागे जायची आणि कंटाळायची. वाजते आहे की मोटर, ती म्हणायची. मोटर वाजते म्हणजे पाणी येतं असं नाही, ते म्हणायचे, आणि ओला हात तिच्या गालाला लावायचे. कधी हात कोरडा निघे. मध्येच कुठेतरी पाइप फुटलेला असे आणि मोटर बिचारी इमानाने मातीला पाणी पाजत असे. हर्षदा शिकली, कॉम्प्युटरवाली झाली, आणि तिला आयुष्यात एकच गोष्ट करून दाखवायची होती: आपण नसतानाही चालेल असं काहीतरी. ओटीवर बसून राहता येईल असं. उधव्याचं काम लावून ती परत आली त्या संध्याकाळी पहिला निरोप आला तेव्हा ती घरात एकटीच नाचली होती. आता तिला गालाला तो हात लागल्यासारखं झालं. कोरडा.

तलासरीला उतरून ती उधव्याच्या जीपमध्ये बसली. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि जीप भरणे म्हणजे काय याची कल्पना ड्रायव्हरची वेगळी असते आणि घाबरलेल्या माणसाची वेगळी. "अजून दोन येऊ दे," तो म्हणाला. हर्षदाला त्याची कॉलर धरून हलवावंसं वाटलं. त्याऐवजी तिने मनातल्या मनात हिशेब मांडला, की अशी किती माणसं असतील. पहिल्या धक्क्यानंतर रोज थोडे तरी लोक केंद्रावर आलेच असतील. कोणाला ताप असेल, कोणाला साखर असेल. सगळे खुशाल. आपापल्या पाड्यावर, फोन शेजारी ठेवून, तो वाजत नाही म्हणून निर्धास्त. गप्प बसलेला फोन बघून इतकी माणसं सुखाने झोपत असतील आणि त्यातलं कोणीतरी त्या सुखाने मरत असेल, हा विचार तिच्या डोक्यात आला आणि मग जाईना. तिने चूक शोधायला सुरुवात केली, कारण चूक शोधताना निदान हातांना काम असतं. पासवर्ड बदलला? नाही. केबल? केबल तुटली असती तर निरोपही आला नसता. मग काय? तिने ते काम स्वतःच्या नावाने लावलं होतं. डहाणूच्या फोल्डरचं दार उधव्याच्या कॉम्प्युटरवर हर्षदा या नावालाच उघडत होतं. घाईत तिने त्याला नुसतं एक अक्षर दिलं होतं, झेड. पूर्ण पत्ता लिहिला नव्हता. ते अक्षर तिचं नाव आत असेल, म्हणजे कॉम्प्युटर तिच्या नावाने लॉगिन केलेला असेल, तोवरच दिसणार. नाव बाहेर पडलं की दार गेलं; आणि काम उठणार, दार शोधणार, भिंतीला धडकणार, आणि पुढची ओळ निरोपाची होती म्हणून निरोप पाठवून मोकळं होणार. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. पण नाव बाहेर पडणार कसं? तो कॉम्प्युटर कधी बंद करायचा नाही, नुसतं दाराला कुलूप लावून जायचं, हे तिने सुकीला बजावलं होतं, आणि सुकी बजावलेलं विसरणाऱ्यातली नव्हती.

केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली, सिमेंटचे पत्रे, पूर्वेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत बोटभर भेग, आधीच्या धक्क्यांची, मधे बुजवलेली आणि या वर्षी पुन्हा उघडलेली. सुकी दाराशी उभी होती. चाळिशीची, काटक, चापूनचोपून नेसलेली, केसांत तेल.

"ताई? फोन तरी करायचा. धक्का लागला ना सकाळी? इथं पण लागला. भेग बघा, आज केवढी झाली."

हर्षदा भेगेकडे न बघता आत गेली. पडद्यावर निळ्यात एक गोल, गोलाखाली तिचं नाव, आणि नावाखाली पासवर्डची रिकामी चौकट. नाव बाहेर होतं.

"सुकी, हे कोणी बाहेर काढलं?"

"मी," सुकी म्हणाली. "रोज काढते जाताना. सकाळी पासवर्ड टाकून परत आत घेते, आज धक्क्यात राहून गेलं."

हर्षदाने तोंड उघडलं, पण बोटं आधीच पासवर्ड मारत होती. तिने अहवालांचा ढीग उघडला आणि नावं बघत खाली गेली. बहुतेक बरे होते. दोघांना औषध लागलं असतं, लागणार होतं, उशीर झाला होता पण वेळ गेली नव्हती. मग दक्षा. हिमोग्लोबिनचा आकडा चारच्याही खाली, शेजारी यंत्राने न चुकता मारलेली लाल खूण. यंत्राने आपलं काम त्याच संध्याकाळी केलं होतं. ती लाल खूण इथे, या खोलीत, इतके दिवस एकटीच पेटलेली होती. हर्षदाने अहवालावरचा नंबर फिरवला. गुजरातीतली बाई आली. पुन्हा फिरवला. पुन्हा तीच. मग तिने पांड्या डॉक्टरांना लावला, आणि आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून एका दमात सगळं सांगितलं.

"किती महिने?" त्यांनी विचारलं.

"आता आठवा लागला असेल."

"बेन, ऐका. रडू नका. तिला चालवायची नाही. गाडीत आडवी घालून कासाच्या सरकारी इस्पितळात आणा. मी इकडून रक्ताच्या पिशव्या घेऊन निघतो. तिकडे फोन करून ठेवतो." मग जरा थांबून, "जिवंत आहे ना ते बघा पहिलं."

उधव्याच्या नाक्यावरची ईको गाडी सुकीनेच मिळवली. ड्रायव्हर तिच्या माहेरचा होता. वेवजीचा रस्ता खाचखळग्यांचा. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत उभं होतं, कुठे कापून भारे बांधून ठेवलेले. भारे मुंबईच्या तबेल्यांकडे जातात. थंडीत इथल्या बायांना तेच काम. हर्षदा पुन्हा पुन्हा दक्षाचा नंबर फिरवत होती. सुकी तिच्याकडे बघत होती, तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि शेवटी तिने विचारलं.

"माझ्यामुळं झालं का ताई?"

"तू का काढायचीस मला बाहेर? मी सांगितलं होतं ना, नुसतं कुलूप लावून जायचं म्हणून?"

"तवा धरतरी हालत नव्हती," सुकी म्हणाली. "मागच्या टायमाला, तो मोठा बसला ना, तवा आम्ही सगळी बाहेर पळालो. अंगणात उभं राहून बोलतोय, हसतोय पण, की वाचलो. आन् सासू आत. बुधी नाव तिचं, म्हातारी, माळ्याखाली निजलेली. सगळ्यांना वाटलं दुसऱ्यानं काढली. भिंत पडली तवा आठवली. वाचली, पण पाय गेला तो गेला. तवापासून आमच्या पाड्यात रीत आहे. धरतरी हालायला लागली, की घर सोडताना नाव घेऊन घेऊन सगळ्यांना बाहेर काढायचं. आत कोणाला ठेवायचं नाय. कोंबडी पण नाय." ती हर्षदाकडे वळली. "मला काय कळत नाय का ताई, मशीन आहे ते. पण तुमचं नाव लिहिलेलं असतं. मी कुलूप लावणार, भिंतीला ती भेग, आन् तुम्ही रातभर आत. जीव नाय झाला माझा. म्हणून तुम्हाला बाहेर काढून मग कुलूप लावायची."

हर्षदाला रागवायचं होतं. रागवायला लागणारं सगळं सामान तिच्याजवळ तयार होतं, आणि ते कुठे ठेवायचं ते तिला कळेना. रोज संध्याकाळी, ती डहाणूत फोडणीचं तेल तापवत असताना, या बाईने पडद्यासमोर उभं राहून तिचं नाव घेतलं होतं आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं होतं. तिच्यासाठी आजवर असं कोणी केलं नव्हतं. आणि तिला बाहेर काढताना दक्षा आत राहिली होती. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि या दोहोंच्या मध्ये तिला जागा सापडत नव्हती. तिने सुकीचा हात धरला. तो ऊन होता. "तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली. पुढचं माझ्यामुळे हे सांगायचं राहून गेलं, कारण ईको थांबली होती.

घर एका टेकाडाच्या पायथ्याशी होतं, कुडाचं, शेणाने सारवलेलं, दार सताड उघडं. आत कोणी नव्हतं. चूल विझलेली, ताटं पालथी. हर्षदा दारात उभी राहिली आणि तिला त्या उघड्या दाराची इतकी भीती वाटली की पाय आत टाकवेना. सुकीने हाका मारल्या. वरच्या घरातून एका बाईने डोकं काढून टेकाडामागे बोट केलं. "गवताला गेलीय."

ती भाऱ्याला टेकून बसली होती. विळा मांडीवर, पदर तोंडावर ओढलेला, छाती वरखाली होत असलेली. पाय सुजून घोट्यांची हाडं दिसेनाशी झाली होती. हर्षदाची सावली पडली तशी तिने पदर काढला, आणि तिला ओळखून हसली. ते हसू बघून हर्षदाच्या जिवात जीव आला आणि दुसऱ्या क्षणी तो पुन्हा गेला, कारण ओठ आता पांढरे नव्हते, राखेच्या रंगाचे होते.

"ताई, तुम्ही इथं कशा?"

"दक्षा, तू... गवत कशाला कापतेस? या दिवसांत?"

"दम लागतो जरा," दक्षा म्हणाली, एकेका शब्दाला थांबत. "सासू म्हणाली होती, नको जाऊ. मीच म्हटलं, फोन आला नाय. म्हणजे माझं सगळं बरं आहे. तुम्ही सांगितलेलं ना." आणि मग, हर्षदाचा चेहरा बघून, हळूच, "आता आला का?"

हर्षदा खाली गवतात बसली. हो, ती म्हणाली. आता आला.

तिला दोघींनी आणि ड्रायव्हरने उचलून आणली. उधव्याच्या नाक्यावर सुकी उतरली, कारण केंद्र उघडं टाकलेलं होतं आणि सकाळी धक्क्याच्या नादात रांगेत राहिलेल्यांचं रक्त यंत्रात घालायचं बाकी होतं. पुढे कासापर्यंत दक्षाचं डोकं हर्षदाच्या मांडीवर होतं. बोलू नकोस, हर्षदा सांगत राहिली, आणि दक्षा बोलली नाही तर पुन्हा घाबरून, काहीतरी बोल म्हणत राहिली. एकदा दक्षाने तिचा हात ओढून पोटावर ठेवला. आतून काहीतरी एकदा हललं, लहानसं. हर्षदाने श्वास रोखला आणि दुसऱ्यांदा हलायची वाट बघितली. कासाच्या दारात स्ट्रेचर आलं तोवर ते हललं नव्हतं.

मग व्हरांडा. बाजार उठत होता, वाड्या-पाड्यांकडे जाणाऱ्या जीपा हॉर्न देत माणसं गोळा करत होत्या. हर्षदा बाकावर बसली आणि तिने बाटली समोर धरली. पाणी हलत होतं. तिने बाटली बाकावर ठेवली. पाणी थांबलं. तेवढं तरी कळलं. आत जाणाऱ्या दाराला पडदा होता, आणि त्याच्यामागून कोणी येत नव्हतं. कोणी आलं नाही म्हणजे सगळं बरं, असं म्हणायला तिचं मन उठलं, सवयीने, आणि तिने त्याला तिथल्या तिथे खाली बसवलं. उन्हं पार खाली गेल्यावर पांड्या डॉक्टर बाहेर आले. त्यांचा चष्मा आज कपाळावर नव्हता. ते तिच्या शेजारी बसले.

"रक्त चढतंय. बाळाचे ठोके मिळाले, हळू आहेत पण आहेत. आज गवतातच राहिली असती तर... सकाळपर्यंत काही सांगू नाय शकत, हर्षदाबेन. आणि मी पण... मला वाटलं उधव्यात सगळे ठीक झाले. विचारायला हवं होतं मी, एवढे ठीक कसे झाले."

ते पुन्हा आत गेले. दिवे लागले. बाकावर ठेवलेला मोबाइल थरथरला आणि त्याच्याबरोबर बाटलीतलं पाणीही. उधवा: काम पूर्ण झाले.

हर्षदा त्या अक्षरांकडे बघत राहिली. दुपारी नाक्यावर उतरून गेलेली सुकी कुलूप लावून, रीतीप्रमाणे तिला बाहेर काढून, घराच्या वाटेला लागली असणार. यंत्रात आजचं रक्त फिरत होतं. कोणाकोणाचं, तिला माहीत नव्हतं. पहाटेपर्यंत त्यांचे अहवाल निघत राहणार होते आणि भिंतीला धडकत राहणार होते. उद्या ती जाऊन झेडच्या जागी पूर्ण पत्ता लिहिणार होती, कामाला त्याचं स्वतःचं नाव देणार होती, आणि त्यानंतरही रोज संध्याकाळी फोल्डर उघडून शेवटचा अहवाल डोळ्यांनी बघणार होती. पण उद्या उद्या होता. मध्ये आजची रात्र होती. तिने सुकीचा नंबर लावला. गुजरातीतली बाई आली. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि चौथ्यांदा की पाचव्यांदा सुकीचा "हां ताई" ऐकू आला, मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"दक्षा कशी आहे?"

"रक्त चढतंय. अजून कळत नाही. सुकी, ऐक. केंद्रावर परत जा. माझं नाव टाक, पासवर्ड टाक. आणि आज मला बाहेर काढू नकोस. आज मला रात्रभर आत राहू दे."

हर्षदाला सुकीच्या डोळ्यांसमोरची ती भेग दिसत होती, वरपासून खालपर्यंत, आणि त्या भेगेच्या आत, निळ्या गोलाखाली, आपलं नाव. आपण कुठे आहोत, कासाच्या बाकावर की त्या खोलीत, याची तिला नीटशी खात्री वाटेना. तिला खरोखर भीती वाटली, नावाची, पत्र्याची, भिंतीची.

"दुपारपासून दोनदा हालली इथं," सुकी म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्हाला भ्या नाय वाटत?"

"वाटतं. खूप वाटतं, सुकी."

पलीकडून कोणाला तरी हाक मारल्याचा, खाट ओढल्याचा आवाज आला.

"मग मी पण तिथंच निजते," सुकी म्हणाली. "दारात खाट टाकते. कडी लावणार नाय. हाललं, तर पहिली तुम्हाला काढीन."